तरोटा, दुष्काळ आणि दूरचित्रवाणी

१२ ऑगस्ट २०१९. श्रावणी सोमवारची रात्र. ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि बेअर ग्रिल्स जिम कॉर्बेटच्या अरण्यात हिंडताना देशाने पाहिले. रानात एकटा माणूस तग कसा धरेल, काय खाईल, याची चर्चा मग शहरी दिवाणखान्यांतही रंगली.

याच श्रावणात जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याहून कटुल्यांच्या टोपल्या बाजाराला येतात. वेचणाऱ्या बहुधा बायका. त्यांच्यामागे कॅमेरा नसतो आणि त्यांना कोणी साहसी म्हणत नाही. एकाच कामाचे हे दोन चेहरे इतके वेगळे कसे झाले? हा धागा त्याविषयी आहे. थोडा लांबेल, पण वाचकांनी धीर धरावा.

आधी पडद्याकडे पाहू. रानातील अन्नाचा कार्यक्रम ही बेअर ग्रिल्सची निर्मिती नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या लष्करातील लेस हिडिन्स या अधिकाऱ्याने उत्तर ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींकडून खाद्य वनस्पतींची माहिती गोळा केली. हेतू सरळ होता : सैनिक रानात अडकला तर उपाशी मरू नये. त्यातून १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘बुश टकर मॅन’ ही मालिका जन्मली. २००७ मध्ये बीबीसीवर रे मिअर्स यांनी गॉर्डन हिलमन या पुरावनस्पतिशास्त्रज्ञाला सोबत घेऊन शेतीपूर्व ब्रिटनमधील माणूस काय खात असेल, याचा शोध घेतला. माझ्या मते या प्रकारातील सर्वांत अभ्यासू काम तेच. त्यात घाई नाही आणि आरडाओरडाही नाही.

ज्याला ठाऊक आहे त्याला विचारायचे, मग यादी करायची, ही पद्धत मात्र दूरचित्रवाणीहून बरीच जुनी आहे. आपल्याकडे ती दुष्काळाच्या हाताला धरून आली.

१८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात दख्खनची माणसे रानात शिरली. पाने, कंद, गवताचे बी, जे हाती लागेल ते त्यांनी शिजवले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. जे. सी. लिस्बोआ यांनी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी वनस्पतींचा खंड लिहिला. तो १८८६ साली निघाला. त्यात दुष्काळात खाल्ल्या गेलेल्या वनस्पतींना स्वतंत्र जागा आहे. पुढे १९०२ मध्ये जी. ए. गॅमी यांनी याच विषयावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. दोन्ही कामे मोलाची. परंतु त्यांतून एक शब्द रूढ झाला : ‘दुष्काळी अन्न’. जी भाजी एरवीही आवडीने खाल्ली जाई, तीही उपासमारीच्या रकान्यात जाऊन बसली. तरोटा गरिबाचा ठरला तो असा.

वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते. १८५३ च्या तहाने निजामाने ते इंग्रजांच्या ताब्यात दिले होते. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ अशी त्याची ख्याती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) कापसाला भाव आला, मलकापूर-शेगाववरून रेल्वे धावू लागली, खामगावची कापूसपेठ विलायतेपर्यंत गाजली. पूर्णेच्या काळ्या खोऱ्यात पडीक आणि चराऊ जमिनीवर नांगर फिरला. बांध, पडीक शिवार आणि ओढाकाठ ही रानभाजीची खरी घरे. अरण्य हे दुसरे घर. पहिले घर कापसाने आकसले.

दुसऱ्या घराला कायद्याने कुंपण घातले. वऱ्हाडासाठी १८८६ साली वेगळा वनकायदा झाला. जंगलांचे तीन वर्ग पाडले गेले : पहिला लाकडासाठी, दुसरा गवताच्या रमण्यांसाठी, तिसरा गुरचरणासाठी. या वर्गवारीत कंद खणणाऱ्या बाईसाठी वर्ग नव्हता. ती जे करत होती त्याला ‘सवलत’ हे नाव मिळाले. आणि दिलेली सवलत काढूनही घेता येते.

मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. सोन्याच्या कुऱ्हाडीचा हा मुलूखही त्यात होरपळला. कापूस विकून धान्य घेण्याची सवय लागलेल्या प्रदेशात धान्य महागले आणि मजुरी आटली, की काय होते, हे त्या वर्षी दिसले. लोक पुन्हा रानाकडेच वळले.

जाता जाता एक गोष्ट. आज आपण ‘बुलढाण्याचा सातपुडा’ म्हणतो, पण जळगाव तालुका या जिल्ह्यात आला तो १९०५ साली, अकोल्याकडून. मूळ जिल्हा मुख्यतः अजिंठ्याच्या डोंगररांगेचा आणि घाटावरच्या पठाराचा. जिल्ह्याचे नाव मात्र ‘भिल्लठाणा’वरून आले असे सांगितले जाते. म्हणजे रानात राहणारा माणूस नावात आधीपासून होता. त्याचे रान नकाशात मागाहून आले.

आता १९७२ या सालापाशी थांबू, कारण या कथेचे सगळे धागे तिथे एकमेकांना छेदतात. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. माणसे खडी फोडायला गेली. मिलो ज्वारी आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडी कायमचे बसले. त्याच वर्षी सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रिचर्ड मेबी यांचे ‘फूड फॉर फ्री’ प्रसिद्ध झाले. रानातले फुकटचे अन्न हा तिथे सुखवस्तू वाचकाचा छंद झाला. इकडे ज्यांनी तरोट्यावर दिवस काढले त्यांना ती आठवण पुसायची होती. दुष्काळातील ताटाविषयी माणसे मोकळेपणाने बोलत नाहीत. जुन्या पिढीला विचारून पाहा : वाघाट्याबद्दल भरभरून सांगतील, कारण ते आषाढी एकादशीच्या पारण्याचे. तरोट्याबद्दल मात्र हसून विषय बदलतील.

खरे तर कसब या ‘गरिबाच्या’ अन्नातच आहे. तरोटा पहिल्या पावसानंतर, कोवळा असतानाच खुडायचा. जून झाला की कडवटतो. कडू कंद तसाच खाल्ला तर बाधतो. त्याचे पातळ काप उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून विष उतरवावे लागते. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, तरी वऱ्हाडातील बायका पिढ्यानपिढ्या तो फोडून आतली गोडंबी काढत आल्या आहेत. लाडवातली गोडंबी खाताना त्या हातांचे फोड कुणाला आठवत नाहीत. पडद्यावरचा वीर एका रात्रीपुरता तगतो. बिब्बा फोडणारीला उद्याही तेच काम असते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे हा हक्क मान्य केला. १८८६ ची ‘सवलत’ हक्क व्हायला १२० वर्षे लागली. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुलांच्या संकलनावरील आणि साठवणीवरील निर्बंध उठवले. २०२० पासून कृषी विभाग ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो. त्यात कटुले, कुरडू, घोळ, तरोटा टेबलावर मांडले जातात, पाककृती सांगितल्या जातात.

पण याच काळात दुसरेही काही घडत होते. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबारवा हे १९९७ चे अभयारण्य पुढे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले आणि आतल्या काही आदिवासी वस्त्या बाहेर वसवण्यात आल्या. वाघासाठी जागा हवी, याबद्दल दुमत नाही. २०१९ च्या अखेरीस टिपेश्वरहून निघालेला तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोहोचला, तेव्हा साऱ्या जिल्ह्याला अभिमान वाटला होता. वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. त्याची प्रत्येक वाट नोंदली गेली.

कडू कंदाची वेल पावसाळा सरला की वाळून नाहीशी होते. खाली कंद कुठे आहे, हे मागल्या वर्षी तिथून गेलेल्या बाईलाच सांगता येते. ती आता पायथ्याच्या नव्या वसाहतीत राहते.