बिनशिवणीची बाहुली

चिंध्यांची बाहुली आपल्याकडे घरोघर होत आली आहे. जुन्या लुगड्याचा तुकडा, आत कापूस आणि काजळाने काढलेले डोळे. तिचा एक दोषही सर्वांच्या माहितीचा आहे. पोराने हात धरून ओढला की शिवण उसवते. क्रोशाने विणलेल्या लहान खेळण्यांत यावर एक उपाय निघाला आहे. हातपाय वेगळे करून शिवायचे नाहीत, विणता विणताच जोडायचे. हे कसे जमते, हे पाहताना बराच इतिहास आणि थोडी भूमिती हाती लागते.

‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ लहान आकडा. या विणकामाचे छापील नमुने प्रथम १८२३मध्ये ‘पेनेलोपे’ या डच मासिकात आले, असे मानतात. पुढे १८४५पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, तेव्हा जोगिणींच्या मठांनी बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवली. महागड्या व्हेनिसच्या लेसची ही झटपट होणारी नक्कल होती. भांडवल म्हणजे एक सुई आणि सूत. कित्येक कुटुंबे त्या मिळकतीवर तगली.

भारतात ही कला मिशनऱ्यांबरोबर आली. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटिश मिशनऱ्यांनी लेस शिकवली आणि तिचा मोठा निर्यातधंदा झाला. महाराष्ट्रातही मुलींच्या मिशन शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवणटिपण असे. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी (१९०९) शिवणकामाकडे स्त्रीच्या स्वावलंबनाचे साधन म्हणून पाहिले. पुढे क्रोशाची तोरणे, रुमाल आणि तक्क्यांचे अभ्रे रुखवतात मांडले जाऊ लागले.

वऱ्हाडाचा या गोष्टीशी संबंध कापसामुळे येतो. १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिथला कापूस लँकेशायरला मिळेना, तेव्हा वऱ्हाडी कापसाला मोठी मागणी आली. आज वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या परिसरात सोयाबीनचा पेरा वाढलेला असला, तरी कापूस मुलांच्या ओळखीचा आहे. बाहुलीचे सूतही त्याचेच आणि पोटात भरायचा कापूसही तोच.

आता युक्तीकडे वळू. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर उघडे असतात. एक निसटला की खालपर्यंत उसवत जाते. क्रोशात कोणत्याही क्षणी एकच फास उघडा असतो, मागचे टाके पुरे झालेले असतात. म्हणून विणलेल्या भागात हवी तिथे सुई घालून नवे टाके उचलता येतात. बिनशिवणीची पद्धत यावरच उभी आहे. दोन पाय नळीसारखे विणा, प्रत्येकी १२ टाक्यांचे. मग दोन्हींच्या काठांवरून एकच फेरी घ्या. २४ टाक्यांचे धड सुरू झाले! हाताचे तोंड चपटे करून धडाच्या काठाला लावायचे आणि पुढची फेरी विणताना सुई दोन्हींतून एकदम घालायची. मानेशी टाके कमी केले आणि पुन्हा वाढवले की डोके तयार. कान डोक्याच्याच टाक्यांतून उचलायचे.

गोल डोके कसे साधते? सुरुवात ६ टाक्यांनी करतात आणि प्रत्येक फेरीत ६ वाढवतात: ६, १२, १८, २४... सहाच का? आखूड टाका साधारण रुंदीइतकाच उंच असतो. एक फेरी झाली की त्रिज्या एका टाक्याने वाढते, म्हणजे परिघ २π, सुमारे ६.२८ टाक्यांनी वाढायला हवा. ६ वाढवले की चकती सपाट राहते. ३६ टाक्यांवर थांबून न वाढवता विणले की कडा वर वळतात. चेंडूचा मधला घेर ३६, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे १८ फेऱ्या. प्रत्यक्षात ६ फेऱ्या वाढवत, ६ तशाच आणि ५ कमी करत विणतात; एकूण १७!

याउलट टाके फार वाढवले तर कापडाला झालर पडते. लोबाचेवस्कीने १८२९मध्ये मांडलेल्या भूमितीतले पृष्ठ असेच असते. त्याची कागदी प्रतिकृती नाजूक असते, सहज फाटते. कॉर्नेल विद्यापीठातील गणिती डायना टायमिना यांनी १९९७मध्ये ती क्रोशाने विणली. विद्यार्थ्यांना ते पृष्ठ हातात धरून चाचपता येऊ लागले. झालरीचे रुमाल विणणाऱ्या बायकांच्या बोटांना हा आकार कितीतरी आधीपासून माहीत होता. पण त्याला कोणी गणित म्हटले नाही. मारिया मीस यांनी नरसापूरच्या लेसवरील १९८२च्या पुस्तकात दाखवले, की तासन्‌तास विणणाऱ्या या बायकांची गणना ‘गृहिणी’ म्हणूनच होई आणि त्यांचे काम फावल्या वेळचे समजले जाई. मजुरी त्याच हिशेबाने मिळे.

शाळेनेही वेगळे काही केले नाही. १९३७च्या वर्धा परिषदेत हस्तोद्योगातून सर्व विषय शिकवण्याचा विचार पुढे आला, तरी क्रोशे मात्र ‘मुलींचे काम’ म्हणून गणिताच्या तासाबाहेरच राहिले.

तो तास बदलणे आपल्या हाती आहे. वर्गाचे तीन गट करा, मुलगे-मुली मिळून. एका गटाने दर फेरीला ४, दुसऱ्याने ६, तिसऱ्याने ९ टाके वाढवावेत. वाटी, चकती आणि झालर शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांनाच विचारा, असे का झाले? वर्गात विणता येणारे कोणी नसेल, तर गावातल्या एखाद्या आजींना बोलवा. त्या दिवशी गणिताच्या तासाला त्याच शिक्षक.