पेढी, पैसा आणि पत



जर्मनीतील यहुदी बांधवांचा इतिहास आपण बहुधा १९३३ पासून वाचू लागतो. आज मी त्याच्या आधीची अडीचशे वर्षे आपणांपुढे मांडणार आहे. विषय पैशाचा आहे; अधिक नेमके बोलायचे तर पैसा आणि मान यांच्यातील नात्याचा. मराठीत ‘पत’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. माणसाची बाजारात पत असते, तशी समाजातही असते. जर्मनीतील आपल्या उद्योजकांपैकी कित्येकांनी पहिली पत भरपूर मिळविली. दुसरी त्यांना शेवटपर्यंत पुरती लाभली नाही. असे का झाले आणि त्याचा आपल्या घरांशी संबंध काय, एवढेच मला सांगावयाचे आहे.

जर्मन संस्थानांत शतकानुशतके यहुद्यांना बहुतेक ठिकाणी जमीन घेण्यास मनाई होती. कारागिरांच्या संघांत त्यांना प्रवेश नव्हता आणि सरकारी अधिकारपदे बंद होती. उरली ती फेरी, जुन्या कपड्यांचा व गुरांचा व्यापार आणि सावकारी. इतर सर्व दारे लावून घ्यावयाची, एकच उघडी ठेवावयाची, आणि त्या दारातून बाहेर पडणाऱ्यालाच ‘हा पैशाचा लोभी’ म्हणून हिणवावयाचे, असा हा न्याय होता. १६७१ साली ब्रांडेनबुर्गचा राजा-निर्वाचक फ्रिडरिष विल्हेल्म याने व्हिएन्नाहून हाकललेल्या ५० यहुदी कुटुंबांना आपल्या मुलखात राहू दिले. तीस वर्षांच्या युद्धाने उजाड झालेल्या प्रदेशाला व्यापार व भांडवल हवे होते. मात्र सिनेगॉग बांधण्याची परवानगी दिली नाही. प्रार्थना घरात करावी, असे ठरले. पैशाला दार उघडले, माणसाला ओसरीवरच बसविले.

त्याच काळात हाम्बुर्ग येथे ग्ल्यूकल नावाची स्त्री आपल्या पतीसह सोने व मोती यांचा व्यापार करीत होती. १६८९ साली ती विधवा झाली. पदरी मुले, डोक्यावर देणी. तिने व्यापार स्वतः चालविला, मोज्यांचा कारखाना काढला, जत्रांना जाऊन सौदे केले, आणि मुलांसाठी यिद्दिश भाषेत आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. त्या आठवणींत धन आणि मान हे दोन शब्द जोडीनेच येतात. यहुदी वस्तीत सचोटीचा व्यापारी हा पहिल्या पंक्तीचा गृहस्थ होता. वस्तीची वेस ओलांडली की तोच शेवटच्या पंक्तीत. माणूस तोच आणि धंदाही तोच. फरक पाहणाऱ्याच्या मापात होता.

मोझेस मेंडेलसोन हे नाव आपण तत्त्वज्ञ म्हणून ऐकतो. १७४३ साली चौदा वर्षांचा हा गरीब मुलगा डेसाऊहून बर्लिनला आला. पुढे इसाक बर्नहार्ड या रेशीम कारखानदाराच्या घरी तो शिक्षक झाला, मग त्याच्या पेढीवर हिशेबनीस आणि अखेरीस भागीदार. दिवसभर रेशमाच्या वह्या आणि उरलेल्या वेळात तत्त्वज्ञान, असा त्यांचा क्रम होता. १७६३ साली प्रशियाच्या अकादमीने त्यांच्या निबंधाला पहिले पारितोषिक दिले. त्या स्पर्धेत इमान्युएल कांटही होते. १७७१ साली अकादमीने त्यांना सभासद म्हणून निवडले, परंतु राजाने ती निवड मंजूर केली नाही. याच राजाच्या राज्यात १७६९ पासून यहुद्यांना विवाहासारख्या परवान्यांसाठी सरकारी कारखान्यातील चिनी मातीची भांडी सक्तीने विकत घ्यावी लागत. म्हणजे यहुद्याचा पैसा दरबारी खपत होता. त्याची विद्वत्ता मात्र दरबारी चालत नव्हती.

पुढे कायदे बदलले. १८१२ साली प्रशियात बरेच नागरी हक्क मिळाले आणि १८७१ च्या साम्राज्यात समानता कायद्याने मान्य झाली. तेव्हा प्रश्न सुटला असे वाटावे. परंतु बर्लिनचे पेढीवाले गेर्सन ब्लाइशरोडर यांच्याकडे पाहा. हे बिस्मार्क यांचे खासगी व्यवहार सांभाळीत. युद्धांच्या खर्चाची तजवीज करण्यात त्यांचा हात होता आणि १८७१ साली फ्रान्सवर बसविलेल्या ५०० कोटी फ्रँकांच्या खंडणीच्या वाटाघाटींतही त्यांना बोलाविले गेले. १८७२ साली बाप्तिस्मा न घेताच त्यांना सरदारकी मिळाली. त्यांच्या मेजवान्यांना राजधानीतील बडी मंडळी येत, पोटभर जेवत, आणि जिना उतरताच यजमानाची टवाळी करीत. १८७३ साली शेअरबाजार कोसळला, तेव्हा दोष कोणाच्या माथी मारला गेला, हे वेगळे सांगावयास नको.

त्या समाजात मानाची खरी खूण होती सैनिकी गणवेश. १८८५ नंतर पहिल्या महायुद्धापर्यंत प्रशियात बाप्तिस्मा न घेतलेल्या एकाही यहुद्याला राखीव दलात अधिकारपद मिळाले नाही. यशस्वी व्यापाऱ्याला सरकार ‘कोमेर्त्सियनराट’ अशी पदवी देई. आपल्याकडील रावसाहेब, रावबहादूर यांचीच ती बहीण म्हणा! पदवी दारावरच्या पाटीला शोभे. पंक्तीत पाट मिळेलच असे नव्हे.

दुसरीकडे टीट्झ आणि वेर्टहाइम या घराण्यांनी मोठी वस्तुभांडारे उघडली. ठरावीक किंमत, घासाघीस नाही, मोलकरणीला व बाईसाहेबांना एकच भाव. सामान्य गिऱ्हाइकाला तेथे मान मिळाला. उभारणाऱ्यांना मात्र ‘लहान दुकानदारांचे वैरी’ हे नाव मिळाले, आणि १९०० साली प्रशियाने अशा भांडारांवर खास कर बसविला. यहुदी लोकसंख्या त्या देशात अवघी सुमारे १ टक्का. त्यातही बहुसंख्य लोक लहान दुकानदार, गुरांचे व्यापारी, कारकून असे बेताच्या प्राप्तीचे होते. पण काही धनवंतांच्या हवेल्या दाखवून सगळ्या समाजाला श्रीमंत ठरविण्यात आले.

अशा वेळी आईबापांनी काय करावे? त्यांनी मुलांना पेढीवरून उठविले आणि विद्यापीठात पाठविले. आजोबा फेरीवाले, वडील दुकानदार, मुलगा डॉक्टर किंवा वकील, अशी पायरी कित्येक घरांत चढली गेली. विद्या ही थोरच. मी स्वतः परिचर्येच्या पदविकेवर आयुष्य काढले आहे, तेव्हा तिचे मोल मी कमी लेखणार नाही. परंतु त्या धावपळीत आपल्याच आजोबांच्या धंद्याची लाज मनात शिरली. १ एप्रिल १९३३ रोजी बहिष्काराचा पहारा बसला, तेव्हा तो दुकानाच्या दारी बसला तसाच डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या दारीही बसला. व्यवसाय बदलून द्वेष टळला नाही, कारण दोष व्यवसायात नव्हताच.

आता आपल्याकडे वळू. आपले पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवीत आणि शब्बाथ पाळीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. गावाच्या उतरंडीत तेल्याची पायरी खालची. मग कंपनीच्या पलटणीत सुभेदारी आली. १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेही पलटणीतलेच. पुढे शाळा, कचेऱ्या, रेल्वे, टपाल, इस्पितळे यांत आपली माणसे शिरली. १८३२ साली डेव्हिड ससून मुंबईत आले. बगदादी व्यापाऱ्यांची संपत्ती आपण जवळून पाहिली, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच मंडळींनी आपल्याशी राखलेले अंतरही पाहिले. म्हणजे पैशाने पायऱ्या पाडण्याची खोड केवळ परक्यांची नाही. ती एकाच तोराहपुढे उभे राहणाऱ्यांतही असते.

आणि ती माझ्याही घरात होती. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी माझ्या बहिणीला एक स्थळ आले. मुलगा सुशील होता, त्याची स्वतःची पिठाची गिरणी होती. आमचे वडील म्हणाले, “शिकलेली मुलगी गिरणीवाल्याला द्यायची? लोक काय म्हणतील?” आजी कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, “अरे, तुझ्या आज्याचा घाणा होता. त्याच्या तेलावर तू शिकलास.” कोणी काही बोलले नाही. स्थळ नाकारले गेले. मी तेव्हा नुकतीच परिचारिका झाले होते, माझ्या शब्दाला घरात थोडे वजन आले होते. तरी मी गप्प राहिले. रात्रपाळीत रोग्याची मलमूत्राची भांडी उचलताना ज्या कामाला लोक हलके म्हणतात त्याचा अभिमान बाळगणारी मी, गिरणीच्या पिठाला मात्र लाजले. त्या मौनाचा सल अजून आहे.

आपले रंबाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत वरची पायरी भिक्षा देण्याची नाही. गरजवंताला कर्ज द्यावे, त्याच्याशी भागीदारी करावी, त्याला काम मिळवून द्यावे, जेणेकरून त्याला हात पसरावा लागू नये, ती ही पायरी. आपल्या धर्मात धंद्यातील भागीदाराला इतके उंच स्थान आहे, आणि आपण मात्र सोयरीक जुळविताना पहिला प्रश्न विचारतो, ‘नोकरी कायम आहे ना?’

म्हणून माझी एक लहानशी विनंती आहे. शब्बाथच्या प्रार्थनेनंतर आपण परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची आणि नोकरी लागलेल्यांची नावे आनंदाने जाहीर करतो. त्याच यादीत, ज्या मुलाने दुकान थाटले आणि ज्या मुलीने घरगुती पदार्थांचा व्यवसाय सुरू केला, त्यांचीही नावे वाचली जावीत. पुढच्या शब्बाथपासून हे करता येईल काय, याचा अध्यक्षमहोदयांनी आणि आपण सर्वांनी विचार करावा.