तीन भिंगांचा वारसा

1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी लाड यांच्यासारखे छायाचित्रकार तिच्यात सहभागी झाले, तेव्हा व्यक्तिचित्रणात योझेफ पेट्झव्हाल यांनी 1840 मध्ये गणिताने सिद्ध केलेल्या भिंगरचनेचा दबदबा होता. पुढे 1893 मध्ये इंग्लंडच्या डेनिस टेलर यांनी केवळ तीन भिंगांनी प्रतिमेतील प्रमुख दोष आवरणारी ‘ट्रिपलेट’ रचना सिद्ध केली, आणि जर्मनीच्या मेयर कंपनीची ट्रायोप्लान लेन्स त्याच तत्त्वावर उभी राहिली. भिंगे मोजकी असल्याने अशी लेन्स घडवणे स्वस्त पडते. म्हणूनच टीटीआर्टिझन ही चिनी कंपनी ट्रायोप्लानच्या धर्तीवरील, हाताने फोकस करायची लेन्स माफक किमतीत देते. तिच्या ‘बोके’मध्ये, म्हणजे फोकसबाहेरील भागाच्या धूसरपणात, प्रकाशबिंदू उजळ कडांची वर्तुळे होतात. एकेकाळी दोष मानलेले हे वैशिष्ट्य आज सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यात आले, हे या परंपरेचे खरे मोल आहे.