घाट बांधणारे आणि घाट राखणारे

गेल्या कार्तिकात आमच्या मावशींना काशीस घेऊन जाण्याचा योग आला. पंचगंगेवर स्नान करावे आणि आकाशदिवे पाहावेत, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. आम्ही ब्रह्मा घाटाजवळच्या गल्लीत उतरलो होतो. गंगेचा पूर ओसरून बरेच दिवस झाले होते. तरी खालच्या पायऱ्यांवर गाळाचा जाड थर अजून होता. चारपाच माणसे पंप लावून पाण्याच्या झोताने तो गाळ पुन्हा नदीत लोटीत होती. हा घाट पेशव्यांच्या गुरूंनी बांधविला, असे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगू लागलो. मावशींनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "बांधला त्यांनी, ते खरे, पण दर वर्षी हा धुतो कोण रे?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. इतिहासाची पुस्तके आम्ही आवडीने वाचतो. पण त्यांत बांधणाऱ्यांची नावे असतात, राखणाऱ्यांची क्वचितच. पुढील चार शब्द त्या प्रश्नाच्या निमित्ताने लिहीत आहोत.

ब्रह्मा घाटाची पुराणकथाच मोठी सूचक आहे. दिवोदास राजाच्या अमदानीत शिवाला काशी सोडावी लागली. राजाला तेथून कसे हलवावे हे पाहण्यासाठी त्याने एकामागून एक देवांना तेथे धाडले. ब्रह्मदेवही आले, पण आले ते परत गेलेच नाहीत. काशीतच राहिले. कामासाठी यावे आणि कायमचे राहावे, हा ह्या घाटाचा धर्मच म्हणावा लागेल. नारायण दीक्षित पाटणकरांचेही तसेच झाले.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी मनाची काशीकडील ओढ फार वाढली होती. १७३५ साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस निघाल्या आणि काशी करून आल्या. त्याच सुमारास पेशवे घराण्याचे गुरू नारायण दीक्षित काशीत स्थायिक झाले होते. दुर्गा घाट व ब्रह्मा घाट हा भाग तेव्हा कोळी-नावाड्यांच्या वस्तीचा होता. दीक्षितांनी जागा विकत घेऊन तेथे घाट पक्के करविले आणि दक्षिणी कुटुंबे वसविली, असे सांगतात. ह्या कामाचे साल १७४० असे दिले जाते. त्याच वर्षी २८ एप्रिलला बाजीराव रावेरखेडी येथे वारले. आश्रयदाता गेला, पेशवाईची वस्त्रे नानासाहेबांकडे आली, तरी काशीतील काम थांबले नाही. ह्याचे कारण उघड आहे. पैसा पुण्याहून येत असला तरी काम उभे होते ते काशीत राहणाऱ्या माणसाच्या विश्वासावर. दगड आणविणे, गवंड्यांचा हिशेब चुकविणे, गावच्या अधिकाऱ्यांशी गोडीने वागणे, आलेल्या यात्रेकरूंची सोय पाहणे, आणि ह्या सगळ्याचा वृत्तांत पुण्यास लिहून कळविणे, हे ज्याला जमते तोच अशा कार्याचा खरा पुढारी. दीक्षितांच्या घराण्याने पेशव्यांशी राखलेला पत्रव्यवहार ह्याची साक्ष देतो.

काशीच्या घाटांवर मराठी नावांची वाण नाही. अहल्याबाई होळकरांनी १७८० साली विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. पंचगंगेवरील सहस्रदीपांचा दगडी स्तंभही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भोसल्यांचा घाट आहे, शिंद्यांचा आहे. शिंदे घाटाची कथा मात्र विचार करावयास लावणारी आहे. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे ह्यांनी तो इतका भव्य बांधविला की त्याच्या वजनाने नदीकाठ खचला आणि पुढे सारी बांधणी नव्याने करावी लागली. दौलतीने दगड उभा राहतो. पण नदीपुढे तो टिकवावयाचा तर दौलत पुरत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. हळूहळू संस्थानिकांचे हातही आखडले. मग दक्षिणी वस्तीचे सार्वजनिक जीवन कोणी चालविले? ते चालविले वर्गणी गोळा करणाऱ्या सामान्य गृहस्थांनी. लोकमान्यांनी १८९३ मध्ये पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली; त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९८ मध्ये, ब्रह्मा घाटावर आंग्र्यांच्या वाड्यात काशीचा गणेशोत्सव सुरू झाला. त्याची धुरा कोणा राजाकडे नव्हती, कमिटीकडे होती. दीक्षितांनी एकट्याने केलेले काम आता अनेकांनी वाटून घेतले, एवढाच फरक.

आम्ही कारकून असल्यामुळे ह्या फरकाचा कायद्याच्या अंगाने विचार केल्यावाचून राहवत नाही. १८६० चा एकविसावा कायदा, म्हणजेच संस्था नोंदणीचा कायदा, आपल्या देशातील असंख्य मंडळांचा आधार आहे. त्यातील तीन गोष्टी आम्हांला मोठ्या अर्थपूर्ण वाटतात. संस्था स्थापन करावयास किमान ७ माणसे लागतात. कार्यकारी मंडळाच्या सभासदांची यादी दर वर्षी, वार्षिक सभेनंतर १४ दिवसांच्या आत, निबंधकाकडे द्यावी लागते. आणि संस्था विसर्जित झाली तर कर्ज फेडून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही; ती दुसऱ्या संस्थेस द्यावी लागते. ह्याचा अर्थ असा की जे राखतात त्यांचे त्यात काहीच नसते. दर वर्षी नावे कळवावयाची, दर वर्षी हिशेब द्यावयाचा, आणि शेवटी रिकाम्या हाताने उठावयाचे. असे काम करावयास माणसे का पुढे येतात, हे खरोखरी नवल आहे.

हे नवल केवळ आपल्याकडचेच आहे असे मात्र नाही. मध्यंतरी अमेरिकेतील एका वाटेची हकीकत आमच्या वाचनात आली. बर्फाळ मुलखात पायांना लांब पट्ट्या बांधून रानावनातून घसरत जाण्याची रीत आहे. तिला स्कीइंग म्हणतात. नॉर्वेमध्ये १२०६ साली यादवीच्या काळात हाकोन नावाच्या बालराजपुत्राला दोन स्वारांनी अशाच पट्ट्यांवरून डोंगरापार सुखरूप नेले. त्या स्मृतीप्रीत्यर्थ १९३२ पासून तेथे शर्यत होते. तिचा कित्ता गिरवून विस्कॉन्सिन राज्यात टोनी वाइज नावाच्या गृहस्थांनी १९७३ मध्ये 'अमेरिकन बिर्केबायनर' ही शर्यत सुरू केली. पुढे १९८० नंतरच्या दशकात वाइज ह्यांचा विश्रामगृहाचा धंदा बुडाला. शर्यत मात्र बुडाली नाही. ती आणि तिची वाट आज नफा न घेणारे एक प्रतिष्ठान चालविते.

ही वाट राखणे म्हणजे घाट राखण्यासारखेच आहे. नवा बर्फ पडला की जुनी वाट नाहीशी होते. यंत्राने बर्फ दाबून सपाट करावा लागतो, त्यात पट्ट्यांसाठी जोड चाकोऱ्या पाडाव्या लागतात. उन्हाळ्यात गवत कापावे लागते, पडलेली झाडे हटवावी लागतात. शर्यतीच्या दिवशी गावोगावचे स्वयंसेवक पाणी घेऊन उभे राहतात. आणि निसर्ग साथ देईलच असे नाही. २०१७ मध्ये बर्फाअभावी मुख्य शर्यत रद्द करावी लागली. २०२४ मध्येही बर्फ नव्हता. तेव्हा चालकांनी यंत्राने बर्फ तयार करून १० किलोमीटरचा फेरा आखला आणि त्यावरच शर्यत पार पाडली. हजारो लोक येणार आणि आपल्यापाशी बर्फ नाही, हे ज्या बैठकीत ठरवावे लागले असेल त्या बैठकीचे दडपण कोणत्याही मंडळाच्या चिटणीसाला समजण्यासारखे आहे. आपल्याकडे पाणी फार होते, त्यांच्याकडे बर्फ कमी; प्रश्न एकच. वाट मोडली, आता पुन्हा कोण घालणार?

आता थोडे आमच्याविषयी. आमच्या गावी, महाराष्ट्रापासून दूर, एक छोटे मराठी मंडळ आहे. त्याचे नाव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या वार्षिक सभेस मोजून ९ माणसे आली. चिटणीसपद रिकामे होते. वडीलधाऱ्या अध्यक्षांनी आमच्याकडे पाहून म्हटले, "तुम्ही लिहिण्याच्या कामातले, इतिवृत्त तेवढे सांभाळा." आम्ही नकार दिला. दिवसभर सरकारी कागद लिहून घरी पुन्हा कागदच लिहावयाचे, हे आम्हांला नको वाटले. शेवटी ते काम सत्तरी ओलांडलेल्या अध्यक्षांनीच अंगावर घेतले. त्या वर्षी यादी वेळेत गेली नाही, आणि निबंधकांच्या कचेरीत त्यांना उन्हातून दोनदा हेलपाटा पडला. ही गोष्ट आम्ही मावशींना कधी सांगितली नव्हती. परंतु घाटावर त्यांनी तो प्रश्न विचारला तेव्हा आम्हांला गाळ दिसेना. कचेरीच्या बाकावर बसलेले अध्यक्ष दिसू लागले.

ब्रह्मा घाटाची दक्षिणी वस्ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. मुले शिकून पुण्या-बंगळुरास गेली. काशीच्या अनेक जुन्या घरांत आज परदेशी प्रवासी उतरतात. तरीही भाद्रपदात आंग्र्यांच्या वाड्यात गणपती बसतो आणि सत्संगासाठी गौड सारस्वतांच्या काशी मठाची पायरी लोक चढतात. हे सारे आपोआप होत नाही. कोणीतरी वर्गणीची पावती फाडतो, कोणीतरी दिव्याच्या तेलाची चौकशी करतो, आणि कोणीतरी हिशेबाची वही रात्री उशिरापर्यंत जुळवीत बसतो.

संध्याकाळी मावशींनी पंचगंगेवरील आकाशदिव्यांना हात जोडले. उंच बांबूंच्या टोकाला टांगलेल्या टोपल्यांतून दिवे हेलकावत होते. परतताना त्या ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर क्षणभर थांबल्या; सकाळपेक्षा चार पायऱ्या अधिक मोकळ्या झाल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "उद्या आणखी निघतील."

घरी परतल्यावर आम्ही अध्यक्षांकडे गेलो आणि इतिवृत्ताची वही मागून घेतली. मागील सभेच्या पानावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात उपस्थितांची नावे होती. त्यात आमचेही होते.