चषकावरची नावं

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर मी पहिला जुना चषक विकत घेतला, तेव्हा तो पार काळवंडलेला होता. बुंध्याला गोल लाकडी बैठक, तिच्याभोवती पत्र्याच्या बारीक ढाली आणि त्यांवर कोरलेली विजेत्यांची नावं. अक्षरं झिजली होती, पण भिंगाखाली एखादं आडनाव आणि साल लागत होतं. मी उत्साहाच्या भरात तो पॉलिशवाल्याकडे दिला. चार दिवसांनी चषक आरशासारखा चमकत परत आला. अब्बांनी हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "कुणी जिंकला होता हा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बफिंगच्या चाकाखाली नावं पुसली गेली होती.

तेव्हापासून मी चषक चमकवत नाही. कोमट पाणी, मऊ फडकं, बस्स. चांदी आहे की मुलामा, हेही आता तळाशी पाहून कळतं. इंग्लंडच्या अस्सल चांदीवर चालत्या सिंहाचा छाप असतो. 'ईपीएनएस' अशी अक्षरं असली तर आत मिश्रधातू आणि वर चांदीचा थर. आपल्याकडे येणारे बहुतेक चषक या दुसऱ्या जातीचे. वितळवून त्यांतून फारसं काही मिळत नाही, म्हणूनच कदाचित ते वाचले.

मोठ्या स्पर्धांचा इतिहास मात्र कागदावर टिकतो. मुंबईतला रोव्हर्स चषक 1891 मध्ये सुरू झाला. पुढची पंचेचाळीसहून अधिक वर्षं तो गोऱ्यांच्या, मुख्यतः लष्करी पलटणींच्या हातात राहिला. 1923 मध्ये कोलकात्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण हरला. अखेर 1937 मध्ये बंगळूर मुस्लिम्स हा संघ तो जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला आणि पुढच्याच वर्षी त्याने चषक राखला. 1940 मध्ये कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने अंतिम सामन्यात याच बंगळूर मुस्लिम्सला हरवलं. त्याच वर्षी दिल्लीत मोहम्मेडनने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटवर 2-1 अशी मात करून ड्युरंड चषकही घेतला. तोही पहिल्यांदाच एका भारतीय संघाकडे आला.

संघांच्या नावात धर्म होता, हे आज खटकतं. तेव्हाही खटकत होतं. मुंबईतलं पंचरंगी क्रिकेट हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'इतर' अशा संघांत खेळलं जाई. 1940 मध्ये गांधीजींनी त्याला विरोध केला आणि 1946 मध्ये ते बंद झालं. ते बंद झालं हे योग्यच झालं असं मला वाटतं. पण नाव बदलणं वेगळं आणि पुसून टाकणं वेगळं. त्या नावाखाली खेळणाऱ्या मुलांनी पलटणींना हरवलं होतं, तो आनंद साऱ्या देशाचा होता.

स्वातंत्र्यानंतर 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी रोव्हर्स जिंकला. प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 मध्ये जकार्त्यात आशियाई सुवर्णपदक जिंकला. संघाच्या नावातून धर्म गेला; रहीमसाहेबांचं नाव राहिलं. असंच व्हायला हवं होतं.

मोहल्ल्यातल्या संघांच्या नोंदी मात्र कुठल्याच दप्तरात नसतात. त्यांचं दप्तर म्हणजे तो पत्रा. परवा त्याच बाजारात एका दुकानदाराने मला सुचवलं, "जुनी नावं घासून देतो, नवीन स्पर्धेला चालेल." मी चषक तसाच, काळा, कागदात बांधून घेतला. घरी येऊन पहिल्यांदा भिंग काढलं आणि जेवढी नावं वाचता आली, तेवढी वहीत उतरवली. अकरा निघाली.

तुमच्या घरी माळ्यावर एखादा आजोबांचा चषक असेल, तर तो घासण्याआधी वाचून घ्या.