तलावगाळातील कार्बन–लोह चक्र (धाराशिव जिल्हा)

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याला समुद्र नाही. येथील पाणथळी म्हणजे धरणांचे फुगवटे, पाझर तलाव, गावतळी आणि नदीपात्रांतले डोह. बालाघाटच्या पठारावरून मांजरा व तेरणा गोदावरीकडे, तर सीना व बोरी भीमेकडे वाहतात. या चारही नद्या बेसाल्टाची झीज आणि काळ्या रानाची माती वाहून आणतात. तेरजवळचा तेरणा प्रकल्प, माकणीचा निम्न तेरणा, परंड्याकडचा सीना-कोळेगाव यांच्या तळाशी साचतो तो हाच गाळ. नळदुर्ग किल्ल्यातील पाणी महालाचा बंधारा आदिलशाही काळातला, सतराव्या शतकाच्या आरंभीचा. म्हणजे वाहती बोरी अडवून गाळ साचवण्याला येथे चार शतके होऊन गेली आहेत. या गाळात कार्बन टिकणार की हवेत जाणार हे किनाऱ्यावर मुख्यतः गंधक ठरवते, तर येथे लोह आणि पाण्याची चढउतार ठरवतात. म्हणून खाजणांसाठी बांधलेले आडाखे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पाण्याखालच्या चिखलात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. त्यापुढे सूक्ष्मजंतू सेंद्रिय द्रव्य कुजवताना क्रमाने नायट्रेट, मँगनीज, फेरिक लोह व सल्फेट वापरतात, आणि हे सर्व सरल्यावर मिथेन तयार होतो. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे २.७ ग्रॅ. सल्फेट असते, त्यामुळे ठाणे खाडीसारख्या खारफुटीच्या चिखलात ते सहसा संपत नाही. तेथे मिथेन दबून राहतो आणि सल्फाइड लोहाला बांधून पायराइट बनवते. कुजक्या अंड्यासारखा वास त्याच सल्फाइडाचा. गोड्या तलावात सल्फेट थोडे. लोहाचा साठा वापरून झाला की मिथेनाचे बुडबुडे वर येऊ लागतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वजनास वजन कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सुमारे २८ पट तापवणारा आहे, म्हणून हा फरक लहान नव्हे.

दख्खनच्या बेसाल्टात लोहाची ऑक्साइडे साधारण १० ते १४ टक्के असतात. त्यातले बहुतेक लोह खनिजांत घट्ट अडकलेले आहे, मग सूक्ष्मजंतूंना त्याचा काय उपयोग, असा आक्षेप घेता येतो. आक्षेप रास्त आहे, पण तो एकूण साठ्याला लागू पडतो, फिरत्या भागाला नाही. जे थोडे लोह सुटे होते तेच दर वर्षी पुन्हा वापरले जाते. पावसाळ्यात तलाव भरला की फेरिक लोहाचे फेरस होऊन ते पाण्यात विरघळते. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की त्याचे पुन्हा फेरिक बनते. काळ्या मातीतील स्मेक्टाइट चिकणमाती आटताना खोल भेगाळते आणि भेगांतून हवा आत शिरते. अशा तळातले एखादे ढेकूळ फोडून पाहावे : गाभा निळसर करडा, पाणकणसाच्या मुळांच्या नळ्यांभोवती मात्र तांबूस गंजाच्या रेघा. त्या रेघांवरील ताजे लोह-ऑक्साइड सेंद्रिय कार्बन व फॉस्फेट धरून ठेवते. पुढच्या पावसात ते विरघळले की दोन्ही सुटतात. पाणी हिरवे पडण्यामागे खतांच्या निचऱ्याबरोबर हेही एक कारण असते. लोह कार्बनाचा मालक नसून हंगामी राखणदार आहे.

आटणे एका बाजूने उपकारक आहे, कारण फेरिक लोहाचा साठा भरून निघतो आणि पुढच्या भरतीनंतर मिथेन उशिरा सुरू होतो. मात्र उघड्या गाळातील सेंद्रिय कार्बन त्याच काळात हवेशी जळून कार्बन डाय-ऑक्साइड होतो. २०१६ मध्ये मांजरा धरण आटून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी तळ नेहमीपेक्षा कितीतरी अधिक काळ उघडा राहतो.

वर सांगितलेल्या क्रमात नायट्रेट लोहाच्या आधी वापरले जाते आणि त्यातील नायट्रोजनाचा बराचसा भाग वायुरूपाने निघून जातो.

मानवनिर्मित तलावांना पाणथळ म्हणावे का, यावर मतभेद आहे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचन व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. तरी राज्याचे पहिले रामसर स्थळ, २०२० मध्ये घोषित झालेले नांदूर मधमेश्वर, बंधाऱ्यामुळेच निर्माण झाले. रसायनक्रिया बांधकामाचा हेतू पाहून चालत नाही, हेच येथे निर्णायक मानावे.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे हा गाळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी हलक्या रानावर पडतो. धरणाची साठवण वाढते, जमिनीची ओल धरण्याची ताकद सुधारते. योजनेचा हा लाभ खराच. पण शेतात पसरलेल्या गाळातील कार्बनाचा काही भाग चिकणमातीला धरून राहतो आणि उरलेला हवेत जातो, त्यामुळे उपसलेला सगळा गाळ साठवलेला कार्बन म्हणून मोजणे चूक आहे. तसेच केवळ भरल्या तलावावरील मोजमापांवरून वर्षाचा हिशेब मांडू नये. एप्रिल-मेमधील उघड्या, भेगाळलेल्या तळातून निघणारा वायू त्यात धरलाच पाहिजे.