पृष्ठभागावरील रेणूंचा मागोवा

पृष्ठभागावरील रेणूंचा मागोवा म्हणजे घन पदार्थाच्या पृष्ठभागावर सरकणाऱ्या एकेका अणूची किंवा रेणूची हालचाल स्कॅनिंग प्रोब सूक्ष्मदर्शकाने नोंदवण्याची पद्धत होय. स्फटिकांची वाढ व उत्प्रेरकांवरील अभिक्रिया समजून घेण्यासाठी या हालचालीचा, म्हणजेच पृष्ठीय विसरणाचा, अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

उपकरण

स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक १९८१ मध्ये आयबीएमच्या झुरिक येथील प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग व हाइनरिक रोहरर यांनी विकसित केला. १९८६ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. या उपकरणात धातूची अणकुचीदार सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरवतात. दोहोंमधील अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले, तर टनेलिंग विद्युतप्रवाह साधारण दहापटीने घटतो. त्यामुळे एका अणूचा उंचवटाही ओळखता येतो.

पद्धती

एकाच जागेच्या लागोपाठ प्रतिमा घेऊन रेणूंच्या स्थानांची तुलना करणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. मात्र एका प्रतिमेस कित्येक सेकंद लागू शकतात. तेवढ्यात रेणूने अनेक उड्या मारल्या, तर केवळ आरंभीचे व अखेरचे स्थान कळते. म्हणून बहुधा तापमान कमी ठेवून उड्या मंद केल्या जातात.

१९९६ मध्ये अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतील ब्रायन स्वार्टझेंट्रुबर यांनी वेगळा मार्ग दाखवला. त्यांच्या पद्धतीत सुई अणूभोवती अतिसूक्ष्म वर्तुळात फिरते. त्यातून उंचवट्याचा चढ कोणत्या दिशेस आहे हे कळते आणि स्वयंचलित नियंत्रणामुळे सुई त्याच्या माथ्यावर टिकून राहते. अणू सरकला की सुईही त्याच्यामागे जाते. या पद्धतीने सिलिकॉनच्या पृष्ठभागावरील सिलिकॉन अणूंच्या जोडीसाठी विसरणाची सक्रियण ऊर्जा सुमारे ०.९४ इलेक्ट्रॉन व्होल्ट आढळली.

लांब उड्या

रेणू दर वेळी शेजारच्याच जागी जातो असे नाही. डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये तांब्यावरील डेकासायक्लीन व त्याच्या एका साधित संयुगाचा मागोवा घेतला. त्यांच्या उड्यांची वर्गमाध्यमूळ लांबी अनुक्रमे ३.९ व ६.८ जालक-अंतरे भरली. अवजड पार्श्वगटांमुळे दुसऱ्या रेणूचा सपाट गाभा पृष्ठभागापासून वर उचलला जातो.

मर्यादा

सुई स्वतःच रेणूला ओढू किंवा ढकलू शकते. १९८९ मध्ये ३५ झेनॉन अणू मांडून ‘आयबीएम’ ही अक्षरे घडवताना अणू सुईनेच हलवले होते. मागोवा घेताना मात्र हाच परिणाम दोष ठरतो. म्हणून विद्युतप्रवाह व विद्युतदाब बदलून उड्यांचा वेग तोच राहतो का, हे तपासले जाते. तो बदलल्यास नोंदलेली हालचाल केवळ रेणूची मानता येत नाही.